झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयाच्या भिंतीत दोष आढळल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या केंद्रात इको आणि सीटी तपासणीसाठी येणाऱ्यांमध्ये हृदयाची झडप बदललेले अनेक जण असतात. त्यांपैकी एखाद्याला इको झाल्यावर ‘झडपेलगतच्या भिंतीत फुगवटा दिसतो आहे, आणखी एक तपासणी करावी लागेल’ असे आम्हाला सांगावे लागते. त्या वाक्याचा नेमका अर्थ काय आणि पुढे काय केले जाते, हे नीट समजावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

झडप बसवताना तिची कडी हृदयाच्या स्नायूला लागून असलेल्या वलयात टाक्यांनी पक्की केली जाते. मायट्रल झडपेच्या बाबतीत हे वलय डावी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) आणि डावी जवनिका (खालचा कप्पा) यांच्या सांध्यावर असते. वलयात कॅल्शियम साचून ते कडक झाले असेल आणि तो थर खरवडून काढावा लागला असेल, किंवा जागेच्या मानाने झडप मोठी बसली असेल, तर या सांध्याला चीर पडू शकते. ही गुंतागुंत विरळ आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावरच किंवा त्यानंतरच्या काही तासांत ती उद्भवली तर जिवावर बेतते. काही रुग्णांत मात्र बाहेर पडणारे रक्त हृदयावरण (हृदयाभोवतीची पिशवी) आणि आसपासचे व्रणऊतक (जखम भरताना तयार झालेला थर) अडवून धरतात व तिथे एक थैली तयार होते. तिला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. तिच्या भिंतीत हृदयाचा स्नायू नसतो, त्यामुळे ती फुटण्याचा धोका खऱ्या फुगवट्यापेक्षा अधिक असतो. महाधमनीच्या झडपेनंतर अशी थैली धमनीच्या मुळाशी होऊ शकते, आणि तिच्यामागे बऱ्याचदा जंतुसंसर्ग असतो.

दम लागणे, छातीत दुखणे, धडधड, न उतरणारा ताप ही लक्षणे दिसू शकतात. थैलीत साचलेली गुठळी सुटून मेंदूकडे गेल्यास पक्षाघातही होतो. पण काही रुग्णांना काहीच जाणवत नाही आणि दोष नेहमीच्या तपासणीतच उघड होतो. बरे वाटते म्हणून ठरलेला इको टाळू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते याच कारणाने.

छातीवरून केलेल्या इकोत आम्ही प्रथम थैलीचे तोंड शोधतो. स्यूडोॲन्युरिझम बटव्यासारखा असतो : पोट मोठे, तोंड अरुंद. तोंडाची रुंदी पोटाच्या सर्वाधिक रुंदीच्या निम्म्याहून कमी भरली, तर संशय बळावतो. जवनिका आकुंचन पावताना रक्त थैलीत शिरते आणि सैल पडताना परत येते. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या कलर डॉपलरमध्ये ही ये-जा पडद्यावर स्पष्ट दिसते. अडचण येते ती धातूच्या झडपेची, कारण तिच्या सावलीत मागचा भाग झाकला जातो. अशा वेळी अन्ननलिकेतून इको करतात. अन्ननलिका डाव्या कर्णिकेला अगदी लागून असल्याने मायट्रल झडपेची मागची बाजू तिथून उत्तम दिसते. या तपासणीसाठी आम्ही सहा तास उपाशी राहण्यास सांगतो, घशात बधिरतेचा फवारा मारला जातो आणि गुंगीचे औषध दिले जाते. गिळताना त्रास होत असेल किंवा अन्ननलिकेचा जुना आजार असेल, तर तो आधीच सांगावा.

सीटी अँजिओग्राफीचा उपयोग मुख्यतः दुरुस्तीची आखणी करण्यासाठी होतो. थैली उरोस्थीला (छातीच्या मधल्या हाडाला) किती चिकटून आहे आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी जवळची सर्कमफ्लेक्स धमनी नेमकी कुठून जाते, हे शल्यविशारदाला छाती पुन्हा उघडण्यापूर्वी माहीत असावे लागते. थैली हाडाला चिकटलेली असल्यास हाड कापण्याआधीच जांघेतील रक्तवाहिन्यांमार्गे हृदय-फुप्फुस यंत्र जोडून ठेवतात. या तपासणीत शिरेतून रंगद्रव्य देतात, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अलीकडचा अहवाल लागतो. संसर्गाचा संशय असल्यास डॉक्टर प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतात. घरी उरलेल्या गोळ्या मनाने घेतल्या तर जंतू सापडणे अवघड होते.

शस्त्रक्रियेत छिद्र गोवंशीय हृदयावरणाच्या किंवा डॅक्रॉन या कृत्रिम कापडाच्या पॅचने बंद करतात. दोष झडपेच्या कडीखाली असेल तर बसवलेली झडप काढून, आतून दुरुस्ती करून नवी बसवावी लागते. दुसऱ्यांदा छाती उघडणे फार जोखमीचे ठरणार असेल, तर निवडक रुग्णांत कॅथेटरमधून (रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीतून) नायटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या जाळीचा प्लग थैलीच्या तोंडात बसवतात. हा मार्ग ऐकायला सोपा वाटतो, म्हणून बहुतेक जण त्याविषयीच विचारतात. मात्र सक्रिय संसर्ग असताना प्लग बसवत नाहीत, आणि त्याची कडा झडपेच्या पाकळ्यांना अडणार असेल किंवा धमनीवर दाब आणणार असेल, तर तो योग्य नव्हे. कोणता मार्ग घ्यायचा हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद मिळून ठरवतात. आमचा अहवाल त्यांना मोजमापे पुरवतो, निर्णय देत नाही.

तपासणीला येताना झडपेचे कार्ड, शस्त्रक्रियेची डिस्चार्ज समरी, ताजा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा अहवाल) आणि आधीच्या इकोची सीडी आणावी. नुसत्या छापील अहवालावरून थैली वाढली की नाही ते ठरवता येत नाही, त्यासाठी जुनी चित्रेच लागतात. रक्त पातळ करणारी गोळी तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नये. अचानक तीव्र दम, छातीत कळ, बेशुद्धी, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायातील ताकद जाणे यांपैकी काही झाले, तर आमच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

दुरुस्तीनंतरच्या इकोत आम्ही तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवतो : पॅच किंवा प्लगच्या कडेने रक्त अजून थैलीत जाते का, झडपेच्या पाकळ्या पूर्ण उघडतात का, आणि हृदयाभोवती पाणी साचले आहे का. थोडा प्रवाह शिल्लक असल्यास लगेच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेलच असे नाही. पुढचा इको केव्हा करायचा, हे तुमचे डॉक्टर त्या नोंदीवरून ठरवतात.