मत्स्यटाकीतील अनपेक्षित पिल्ले

घरच्या काचेच्या टाकीत, कोणतीही तयारी नसताना जन्मलेली शोभिवंत माशांची पिल्ले. मत्स्यशेतीत मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली असे वाढीचे टप्पे मोजतात. घरच्या टाकीत सगळ्यांनाच ‘पिल्ले’ म्हणतात. बहुतेक वेळा ती गप्पी, मोली, प्लॅटी किंवा स्वोर्डटेलची असतात. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्ले देतात. नर नसलेल्या टाकीतही पिल्ले होतात, कारण मादी एकदा मिळालेले शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते. दुकानातून आणलेली मादी बहुधा आधीच गाभण असते. गप्पी साधारण दर चार आठवड्यांनी विते. एका वेळी 20 ते 50 पिल्ले होतात, मोठी मादी त्याहून जास्तही देते.

पिल्लू सहा-सात मिलिमीटरचे असते. पारदर्शक अंग आणि दोन काळे डोळे एवढेच दिसते. ती पृष्ठभागालगत, काचेच्या कोपऱ्यात किंवा वनस्पतींच्या मुळांत निश्चल राहतात. पहिल्या तासात दोन कामे करावीत: फिल्टरच्या तोंडावर स्पंज किंवा नायलॉनचा जुना मोजा बांधावा आणि जावा मॉस किंवा हायड्रिला ही पाणवनस्पती भरपूर टाकावी. तळ्यातून आणलेल्या हायड्रिलात चतुराच्या अळ्या असतात आणि त्या पिल्ले खातात, म्हणून वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून तपासावी.

यानंतरचा निर्णय संख्येचा, आणि तो खाणे घालायच्या आधी घ्यावा. सगळी वाढवायची नसतील तर त्यांना टाकीतच राहू द्यावे. मोठे मासे बरीचशी खातात, दाट वनस्पतींत दोन-चार तगतात, आणि टाकीला पेलवते ते तेवढेच. वाढवायची असल्यास पेल्याने पाण्यासकट उचलावीत. जाळीत त्यांचे अंग दबते. 20 लिटरच्या टबात महिनाभर 25-30 पिल्ले नीट वाढतात. बाजारात पिल्लांसाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीत पिल्ले काही दिवस राहू शकतात, पण गाभण मादीला तीत कोंडू नये: ती बिथरते आणि पिल्ले अपुऱ्या दिवसांची टाकते.

एंजेल, गुरामी, फायटर हे अंडी घालणारे. त्यांची पिल्ले आधी पानाला, काचेला किंवा बुडबुड्यांच्या घरट्याला चिकटून असतात आणि पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतात. ती मोकळी पोहू लागेपर्यंत खाणे घातल्यास पाणी फक्त नासते. फायटरच्या घरट्याची राखण नर करतो, म्हणून मादीला बाजूला काढावे.

कोकणात पिल्ले दगावण्याचे मोठे कारण पाणी. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, तर मोली-गप्पीला कठीण, अल्कधर्मी पाणी मानवते. मऊ पाण्यात मोलीची पिल्ले जागच्या जागी थरथरतात आणि कल्ले मिटून घेतात. तिसऱ्या म्हणजे खाण्याच्या शिंपल्या उकळून, मांस खरवडून, फोडून मूठभर जाळीत बांधाव्यात आणि फिल्टरजवळ ठेवाव्यात. कठीणपणा हळूहळू वाढतो. मात्र घाण साचलेल्या टबात हे करू नये, कारण पाणी अल्कधर्मी होते तसा साचलेला अमोनिया जास्त विषारी होतो. आधी पाणी बदलावे, मग शिंपल्या घालाव्यात. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खारावतात. मोलीला ते चालते, एंजेलला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) टाकली की ते पाणी थेट वापरू नये. उघड्या बादलीत हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) लावून किमान एक दिवस ठेवावे, क्लोरीनचा वास येत असल्यास आणखी.

टबात स्पंज फिल्टर पुरे. रोज किंवा दिवसाआड एक पंचमांश पाणी एअर पंपाच्या बारीक नळीने काढावे आणि ती बादली ओतण्यापूर्वी नीट पाहावी, कारण एखादे पिल्लू हमखास ओढले जाते. पावसाळ्यात लाइट गेली की खाणे बंद ठेवावे. बॅटरीचा पंप नसेल तर मग्याने पाणी वरून पुन्हापुन्हा ओतावे. वीज बराच वेळ गेली असेल तर स्पंज बादलीत काढलेल्या टाकीच्या पाण्यात पिळून मगच पंप लावावा.

खाण्यात आर्टेमियाला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाला, तोड नाही. एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडेमीठ विरघळवून, बाटलीत जोराची हवा आणि उजेड देऊन त्याची अर्धा चमचा सुकी अंडी टाकावीत. 26-28 अंश सेल्सिअसला ती 24 तासांत फुटतात, आणि किनाऱ्यावर बहुतेक महिने हीटर लागत नाही. उन्हाळ्यात मोकळ्या किनाऱ्यावरचे समुद्राचे पाणी फडक्याने गाळून चालते. पावसाळ्यात ते पातळ होते, म्हणून मीठच घ्यावे. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की टरफले वर तरंगतात. मधले नारिंगी जीव नळीने काढून गोड्या पाण्याने धुवावेत. टरफले पिल्लांच्या आतड्यात अडकतात. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, त्यामुळे थोडे थोडे, दिवसातून तीन-चारदा घालावे. पिल्लाचे पोट नारिंगी आणि गोल दिसले की पोट भरले. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून देता येतो, पण टाचणीच्या डोक्याएवढाच. जरा जास्त झाला तर रात्रीत पाणी दुधाळ होते आणि सकाळी टब रिकामा. गुरामी, फायटरच्या पिल्लांना आर्टेमियाही मोठा पडतो. त्यांच्यासाठी भाताचा पेंढा पाण्यात चार-पाच दिवस कुजवून त्यातले सूक्ष्मजीव थेंबथेंब द्यावेत.

चौथ्या आठवड्यात गप्पीच्या नरांचा गुदपर (पोटाखालचा मागचा पर) दांडीसारखा निमुळता होतो. त्या वेळी नर-माद्या वेगळ्या केल्या नाहीत तर अडीच-तीन महिन्यांत दुसरी पिढी उभी राहते. जादा मासे ओळखीच्या मत्स्यपालकांना किंवा दुकानाला द्यावेत. पऱ्ह्यात, वहाळात, नदीत कधीही सोडू नयेत. गप्पी दक्षिण अमेरिकेचा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खाते त्याला बंदिस्त पाण्यात सोडते, पण वाहत्या पाण्यात तो किलीफिश या छोट्या स्थानिक माशांचे अन्न आणि पिल्ले खातो. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत गप्पी ठेवले असतील तर पाणी वाहून जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात टाकी भरून वाहते आणि पिल्ले थेट पाटात जातात. पाठीचा कणा वाकलेले, खाऊ न शकणारे पिल्लू जिवंत संडासात टाकू नये. लवंगतेलाचे आठ-दहा थेंब थोड्या कोमट पाण्यात जोरात हलवून लिटरभर टाकीच्या पाण्यात मिसळावेत, पिल्लू त्यात ठेवावे आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही दहा मिनिटे बाहेर काढू नये.