वेल्डिंग भरल्याने किंगपिन नवी होत नाही

ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली असलेल्या, त्याला ओढणाऱ्या ट्रकशी जोडणाऱ्या जाड पिनला किंगपिन म्हणतात. झिजलेल्या किंगपिनवर वेल्डिंगचा थर भरून ती ग्राइंडरने गोल केली की नव्यासारखी चालते, असे वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलकडे ट्रेलरवाल्यांना वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे चूक आहे, आणि घातकही.

किंगपिन मिश्र पोलादाची, उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती प्रक्रिया वाया जाते, भरलेल्या थराच्या कडेचे पोलाद ठिसूळ होऊ शकते आणि ब्रेक लागताना किंवा भरलेला कंटेनर चढावर ओढताना बसणाऱ्या हिसक्यांनी नेमका तिथेच तडा सुरू होतो. माप मात्र बरोबर भरते, म्हणूनच मालकाची फसगत होते.

तपासणीआधी जुने ग्रीस पूर्ण काढावे, कारण त्या काळ्या, कचकचीत थराखाली केसाएवढा तडा दिसतच नाही. दोन इंची पिनचा व्यास नवी असताना ५०.८ मिलिमीटर असतो. व्हर्नियरने सगळ्या बाजूंनी मोजून तो कुठेही ४९ पर्यंत उतरला असेल, तर पिन बदलावीच. फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकवरची किंगपिन अडकवणारी थाळी, उघडले असेल, तर पिन पकडणारा जबडा आणि वेअर रिंग (झीज सोसणारी कडी) उत्पादकाच्या संचातलीच घालावी, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच, आवळावेत.