बचावपटू 300 सामन्यांनंतरच पिकतो का?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या चाहत्यांत एक समज मुरलेला आहे : तरुण बचावपटूची पारख 300 सामने झाल्याशिवाय करू नये. आकडा गोल आहे म्हणून टिकला असावा, कारण नोंदी वेगळंच सांगतात.

बचावपटू केल मकार 2017 मध्ये लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, पण त्याच्या कोलोरॅडो संघाने घाई केली नाही. तो दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला. एप्रिल 2019 मध्ये विद्यापीठाची अंतिम लढत हरल्यावर दोनच दिवसांनी तो थेट प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. 2022 ची नॉरिस ट्रॉफी (मोसमातल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार) मिळवली तेव्हा त्याचे साखळी सामने होते 178. न्यूयॉर्क रेंजर्सच्या ॲडम फॉक्सने तर 2021 मध्ये 125 सामन्यांतच ती जिंकली.

उलट झ्देनो चाराला या ट्रॉफीसाठी वयाच्या 32 व्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला 2001 मध्येच दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं; तो सौदा आजही त्यांना टोचत असेल!

समजात तथ्य आहे ते एवढंच : फॉरवर्डची चूक झाकायला मागे माणसं असतात, बचावपटूच्या मागे फक्त गोलरक्षक. म्हणून प्रशिक्षक नवख्याला अनुभवी जोडीदार देतात, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फळीसमोर कमी पाठवतात, फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करणं) शक्यतो आक्रमणाच्या टोकाला असताना उतरवतात. हे छत्र कधी काढायचं, ते सामने मोजून ठरत नाही. पाठीवर दबाव असताना तो पहिला पास कसा देतो, ते पाहून ठरतं.