शिखरभार वायुविद्युत केंद्र

शिखरभार वायुविद्युत केंद्र : विजेची मागणी थोड्या तासांपुरती चढते तेव्हाच चालवायचे, नैसर्गिक वायूवरील वीजकेंद्र. यालाच ‘पीकिंग प्लांट’ किंवा ‘पीकर’ म्हणतात. स्वस्त विजेचे संच आधी चालवण्याच्या रिवाजामुळे याचा क्रम शेवटी लागतो व वर्षातील बहुतेक काळ ते बंद असते. मात्र वर्षभरात तयार झालेल्या युनिटांवरून त्याची उपयुक्तता मोजणे चुकीचे ठरेल.

उगम : या प्रकाराचे पहिले केंद्र कोणते, याबद्दल एकवाक्यता नाही. वीजपुरवठ्यासाठीचे पहिले गॅस टर्बाइन (इंधन जाळून मिळणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने फिरणारे यंत्र) स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे ब्राऊन बोव्हेरी कंपनीने बसवले. ७ जुलै १९३९ रोजी टर्बाइनतज्ज्ञ ऑरेल स्टोडोला यांनी त्याची चाचणी घेतली. टर्बाइनच्या सुमारे १५,४०० किलोवॉट शक्तीपैकी ११,४०० किलोवॉट ज्वलनासाठीची हवा दाबणारा कंप्रेसरच खाई. उरत जेमतेम ४,०००, आणि कार्यक्षमता १७.४ टक्के. मात्र हा संच तेलावर चाले. अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या बेल आइल केंद्रात १९४९ मध्ये सुरू झालेला ३.५ मेगावॉटचा संच नैसर्गिक वायूवर होता. पण त्याच्या उत्सर्गाची (बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंची) उष्णता शेजारच्या बाष्पसंचाचे पाणी तापवण्यास वापरीत, म्हणजे तो निव्वळ शिखरभाराचा नव्हे. इंधनापेक्षा कार्य महत्त्वाचे मानल्यास, राखीव व शिखरभारासाठी उभारलेल्या न्यूशातेलकडे अग्रमान जातो आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते. प्रसाराला खरा वेग मिळाला तो बहुधा ९ नोव्हेंबर १९६५ च्या ईशान्य अमेरिकेतील वीजखंडानंतर. बंद पडलेली बाष्पकेंद्रे पुन्हा सुरू करायला बाहेरून वीज लागते, तर गॅस टर्बाइन स्वतःच्या डिझेल इंजिनावर सुरू करता येते, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवले.

कार्यपद्धती : आधी मोटर किंवा डिझेल इंजिन रोटर फिरवते, ठरावीक वेगाला ज्वलनकक्ष पेटतो. ५० हर्ट्झच्या वीजजाळ्यात (ग्रिडमध्ये) मोठ्या संचांचा वेग मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर आला की जनित्र जाळ्याशी जुळवून जोडतात. बाष्पित्र (बॉयलर) तापण्याची वाट पाहायची नसल्याने हे साधारण दहा ते तीस मिनिटांत उरकते. थंड पडलेल्या कोळसा संचाला कित्येक तास लागतात. केवळ गॅस टर्बाइनच्या साध्या चक्राची कार्यक्षमता ३५–४० टक्के, तर उत्सर्गाच्या उष्णतेवर बाष्पसंचही चालवणाऱ्या संयुक्त चक्राची ६० टक्क्यांपर्यंत जाते. उन्हाळ्यात हवा विरळ झाल्याने संचाची शक्ती घटते, आणि नेमकी तेव्हाच पंखे व वातानुकूलकांची मागणी वाढलेली असते.

भारत : उरण (जि. रायगड) येथे मुंबई हायच्या वायूवर १९८२ पासून गॅस टर्बाइन संच उभे राहिले. पुढे उत्सर्गाच्या उष्णतेवरील १२० मेगावॉटचे दोन बाष्पसंच जोडल्याने ते काटेकोर अर्थाने पीकर राहिलेले नाही. महाराष्ट्रात संध्याकाळच्या भाराची मुख्य भिस्त कोयना जलविद्युत प्रकल्पावर असते. २०२४ मध्ये देशातील सुमारे २५,००० मेगावॉट वायुक्षमतेपैकी बरीचशी वायूअभावी पडून होती; त्या वर्षीच्या मे–जूनमध्ये केंद्र सरकारने विद्युत अधिनियमाच्या कलम ११ खाली ही केंद्रे चालवण्याचे निर्देश दिले होते.