विंडी हिल-स्मिथ: क्रिकेटमधून द्राक्षमळ्यात

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अँगस्टन गावाजवळची यालुंबा ही वायनरी सॅम्युअल स्मिथ या इंग्लंडहून आलेल्या माणसाने १८४९ मध्ये सुरू केली. त्याच्या नातवाने, वॉल्टरने, लग्न केलं ते अ‍ॅडलेडच्या हिल घराण्यातल्या मुलीशी. १९०१-०२ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत लागोपाठ ९९, ९८ आणि ९७ धावांवर बाद झालेला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज क्लेम हिल याच घराण्यातला. त्यामुळे वॉल्टरच्या १९०९ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या, विंडहॅमच्या, म्हणजे सगळ्यांच्या ‘विंडी’च्या, घरात वाईन आणि क्रिकेट दोन्ही होतंच.

तरुणपणी तो वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणीचे सामने खेळला. या राज्याला शेफिल्ड शील्डमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या राज्यांच्या क्रिकेट स्पर्धेत, प्रवेश मिळाला तो थेट १९४७-४८ च्या हंगामात. तोवर पर्थच्या खेळाडूंना मोठे सामने क्वचितच मिळत. विंडीच्या लहानशा कारकिर्दीकडे पाहताना हे विसरू नये.

२५ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅडलेडहून मेलबर्नला निघालेलं ‘कायीमा’ हे विमान ढगांत वाट चुकून डँडेनाँग डोंगरावर आदळलं. अठराच्या अठरा जण गेले. त्यांत ह्यूगो ग्रँप, टॉम हार्डी आणि विंडीचा थोरला भाऊ सिडनी असे तीन वाईन घराण्यांचे कर्ते पुरुष होते. एका सकाळ-दुपारीत या धंद्याची एक पिढीच पोरकी झाली. यालुंबाची धुरा विंडीकडे आली ती अशी, भावाच्या मृत्यूने.

तेव्हा ऑस्ट्रेलियात खपत असे ती मुख्यतः पोर्ट आणि शेरी या कडक वाईन. जेवणासोबतच्या हलक्या वाईनला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. तरीही १९६१ मध्ये विंडीने जेफ्री अँगस पार्सन्स यांच्या साथीने ईडन व्हॅलीच्या थंड, उंच भागात प्यूझी व्हेलचा जुना, मोडीत निघालेला मळा पुन्हा उभा केला आणि तिथे रीझलिंग ही पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची जात लावली. माझ्या मते हेच त्याचं सर्वांत दूरदृष्टीचं काम. त्याच वर्षीच्या गॅलवे क्लॅरेट या यालुंबाच्या लाल वाईनला पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांनी आपण चाखलेली सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन वाईन म्हटलं.

१९७० च्या दशकात प्यूझी व्हेलच्या बाटल्यांना बुचाऐवजी फिरकीचं झाकण बसवलं गेलं. गिऱ्हाइकांनी ते नाकारलं, आणि २००० नंतर मात्र साऱ्या देशाने उचललं. १९८९ मध्ये विंडीचे मुलगे रॉबर्ट आणि सॅम यांनी इतर नातेवाइकांचे हिस्से विकत घेऊन यालुंबा घराण्यातच ठेवली. पुढच्याच वर्षी विंडीचं निधन झालं.