डोंगराच्या पायथ्याशी बसून राहिलेला माणूस

मार्च सरला की मामाच्या गावी विहिरीतली मोटर खाली उतरवायचे. विहिरीच्या आतल्या अंगाला, बऱ्याच खाली दोन लोखंडी अँगल ठोकलेले होते. चार माणसं दोर धरून मोटर हळूहळू त्या अँगलवर टेकवायची आणि मामा काठावरून "सावकाश, सावकाश" ओरडत राहायचे. एवढा खटाटोप कशाला, मोटर वरच ठेवून लांब पाइप सोडला तर काय बिघडलं, असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "पाणी 25 फुटांच्या खाली गेलं की वरून ओढत नाही बाबा. मोटर कितीही पॉवरची आण."

का ओढत नाही, हे पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. आणि आधुनिक विज्ञान म्हणजे नेमकं काय, हेही मला त्याच गोष्टीतून कळलं.

मामांची अडचण चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कारागिरांनाही ठाऊक होती. गॅलिलिओच्या 1638 सालच्या ग्रंथात एक पात्र सांगतं, की पंप पाणी देईना म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला, तर तो म्हणाला, पंप ठीक आहे, पाणीच फार खाली गेलंय. 18 हातांच्या वर एक केसभरही ते चढणार नाही. तिथले 18 हात म्हणजे साधारण 10 मीटर. गॅलिलिओसारख्या माणसानेही याचं कारण चुकीचं दिलं. लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटावा, तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असं त्याला वाटलं. तेव्हाचे पंडित तर ॲरिस्टॉटलच्या काळापासून सांगत आले होते, की निसर्गाला पोकळीचं वावडं आहे. पंप हवा काढून घेतो आणि पोकळी होऊ नये म्हणून पाणी वर धावतं. मग हे वावडं 10 मीटरलाच का थांबावं?

गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्यासोबत राहिलेल्या तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घ्यायचं ठरवलं. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणजे स्तंभ तितकाच आखूड हवा. 1644 मध्ये त्याचा मित्र विव्हियानी याने एका बाजूने बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने काठोकाठ भरली, तोंडावर बोट दाबून ती पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली आणि बोट काढलं. पारा घसरला आणि सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. गुणाकार करून पाहा: 76 गुणिले 13.6 म्हणजे जवळपास 1033 सेंटिमीटर. पाण्याचे ते 10 मीटर इथे बरोबर सापडतात.

तोरिचेल्लीने 11 जून 1644 च्या पत्रात लिहिलं, की आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे. भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा दाबते, म्हणून नळीतला पारा तोलून राहतो. वरच्या रिकाम्या जागेने पाऱ्याला ओढून धरलं असतं, तर मोठ्या पोकळीने जास्त ओढायला हवं होतं. म्हणून दोन नळ्या घेऊन त्यांतल्या एकीच्या बंद टोकाला त्याने काचेचा मोठा फुगा ठेवला होता. दोन्ही नळ्यांत पारा एकाच उंचीवर राहिला.

म्हणजे पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त पाइपमधली हवा कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा, आणि तिची ताकद सगळं जमून आलं तरी 10 मीटरलाच संपते. फुटव्हॉल म्हणजे पाइपच्या तळाची झडप, पाइपमधलं घर्षण, कुठे थोडी गळती, हे सगळं वजा जाता मामांचे 25 फूट उरतात. पाणबुडी मोटर पाण्यात बसून खालून ढकलते, म्हणून तिला ही मर्यादा नाही.

पण तोरिचेल्लीचं म्हणणं मानायचं कशावरून? नळी सगळ्यांसमोर होती, अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा. अशा वादात आणखी शंभर वर्षं सहज गेली असती.

फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलला वाटलं, हवा हा महासागर असेल तर डोंगरावर चढल्यावर आपण तळापासून वर येतो. तिथे डोक्यावरची हवा कमी, म्हणून पाराही खाली यायला हवा. निसर्गाचं वावडं माथ्यावर कमी आणि पायथ्याशी जास्त असं तर कुणी म्हणणार नाही. तो स्वतः आजारी होता. नोव्हेंबर 1647 मध्ये त्याने क्लेरमाँ गावी राहणाऱ्या आपल्या मेहुण्याला, फ्लोराँ पेरिएला, पत्र लिहिलं. गावाजवळ प्यूई द दोम हा 1465 मीटर उंचीचा डोंगर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जरा ठेंगणा.

19 सप्टेंबर 1648. पेरिएने गावातले पाद्री, अधिकारी आणि एक डॉक्टर असे साक्षीदार सोबत घेतले. आधी खाली मठाच्या बागेत दोन नळ्या एकाच भांड्यात उभ्या करून पारा सारखाच राहतो याची खात्री केली: जुन्या फ्रेंच मापात 26 इंच साडेतीन रेषा (रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग). एक नळी तिथेच ठेवली आणि फादर शास्तँ यांना सांगितलं, दिवसभर पाऱ्यावर नजर ठेवा. दुसरी नळी घेऊन मंडळी डोंगर चढली.

माथ्यावर पारा 23 इंच 2 रेषा. साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास फरक! सगळे थक्क झाले, आणि तरी पेरिए थांबला नाही. त्याने तोच प्रयोग माथ्यावरच पाच वेळा केला: छोट्या चॅपेलच्या आत, बाहेर उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात. आकडा हलला नाही. उतरताना मधल्या एका जागी मोजलं, तर पारा मधल्या उंचीवर.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो चढून गेलेला कुणीच नाही, बागेत बसून राहिलेला तो पाद्री. दिवसभर एका नळीकडे बघायचं आणि काही घडलं नाही हे सांगायचं. पण त्याने "इथे काही बदललं नाही" असं सांगितल्यावरच वर जे बदललं ते उंचीमुळे, हवामान पालटल्यामुळे नाही, असं ठामपणे म्हणता आलं. शाळेत पास्कलचं नाव पाठ करून घेतात. फादर शास्तँ यांचं नाव मी वर्गात कधी ऐकलं नाही, याचं वाईट वाटतं.

आज ही गोष्ट वेफर्सची पुडी सांगते. महाबळेश्वरचा घाट चढता चढता ती टम्म फुगते. डॉक्टर बीपी 120 सांगतात, तेही पाऱ्याचे मिलिमीटरच.

पोकळी मुळीच नसते असं ठासून सांगणाऱ्यांत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त होता. पण पारा जागा आणि ऋतू बदलला की हलतो का, हे त्यालाही बघायचं होतं. डिसेंबर 1647 मध्ये हॉलंडहून त्याने पॅरिसला मर्सेन या आपल्या मित्राला आखलेली एक कागदी पट्टी पाठवली आणि तशीच दुसरी स्वतःकडे ठेवली, म्हणजे दोघांचे आकडे एकाच मापाचे असतील. मर्सेन 1 सप्टेंबर 1648 ला, पेरिए डोंगर चढायच्या अठरा दिवस आधी वारला. पुढे पेरिए क्लेरमाँमध्ये रोजच्या नोंदी ठेवत होता, तेव्हा स्टॉकहोमला देकार्तही पाऱ्याची उंची टिपून ठेवत होता.