काळ्या कातळाचे बेट: मॉरिशसला निघण्यापूर्वी

मॉरिशसची चौकशी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हॉटेल बीचला लागून आहे ना? आहे. पांढरी वाळू आहे, निळे-हिरवे उथळ पाणी आहे, आणि त्यासाठी जाणे अगदी रास्त आहे. पण हे बेट जन्माने ज्वालामुखीचे, आणि त्याचा खरा स्वभाव किनाऱ्यापासून आत शिरल्यावर कळतो. म्हणून आमच्या प्रत्येक कार्यक्रमात निदान दोन दिवस बेटाच्या आतल्या भागासाठी ठेवलेले असतात. ते दिवस समुद्रावर घालवण्यासाठी रद्द करू नयेत, ही आमची विनंती आहे. त्यामागची कारणे या पत्रकात सांगितली आहेत.

आपल्या सह्याद्रीचे नातलग

विमानतळावरून गाडी निघाली की दोन्ही बाजूंना उसाची शेते लागतात आणि मधूनमधून काळ्या दगडांचे मोठाले ढिगारे दिसतात. तो दगड ओळखीचा वाटला तर नवल नाही. तो बसाल्ट आहे, रायगड आणि राजगड ज्या कातळावर उभे आहेत त्याच जातीचा. नाते इतक्यावर संपत नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरांवर थर पसरले. तो लाव्हा भूगर्भातल्या ज्या उष्ण स्रोतातून आला, त्याच स्रोतावर पुढे मॉरिशस घडले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, स्रोत जवळपास जागीच राहिला, आणि वाटेत लक्षद्वीप व मालदीवच्या बेटांचा ज्वालामुखी पाया तयार झाला. मॉरिशसचे वय त्यामानाने कोवळे, साधारण 80 लाख वर्षे. आज तो स्रोत शेजारच्या फ्रेंच रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही वरचेवर फुटतो.

मॉरिशसमध्ये मात्र धूर किंवा लाव्हा दिसणार नाही. इथले ज्वालामुखी हजारो वर्षे शांत आहेत. क्युरपीप शहरात त्रू ओ सेर्फ नावाचे ज्वालामुखीचे मुख आहे. त्याच्या काठावरून फेरी मारता येते, आत दाट झाडी दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवरचे डोंगरही दिसतात. नैर्ऋत्येला शामारेलची सात रंगांची माती आहे. बसाल्ट हळूहळू कुजून त्याची माती झाली. लोहाच्या संयुगांनी तिला लाल-तपकिरी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांनी निळसर-जांभळ्या छटा दिल्या. ती कुंपणाबाहेरूनच पाहायची असते. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात रंग उठून दिसतात, म्हणून आम्ही भर दुपारी तिथे नेत नाही. जवळच शंभर मीटरच्या आसपास उंचीवरून कोसळणारा धबधबा आहे.

पुन्हा त्या दगडांच्या ढिगाऱ्यांकडे वळू. ही जमीन मुळात लागवडीची नव्हतीच. आधी गुलामांनी आणि नंतर मजुरांनी शेतातले धोंडे हातांनी वेचून रचले, तेव्हा तिथे ऊस उभा राहिला. गाडीतून जाताना हे ढीग जरूर पाहा. बेटाचा इतिहास समजायला त्यांच्याइतकी बोलकी खूण दुसरी नाही.

माणसे कशी आली

युरोपीय लोक येण्यापूर्वी इथे कायमची वस्ती नव्हती. 1598 मध्ये डच उतरले आणि त्यांनी राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिले. त्यांच्या काळात, सतराव्या शतकातच, इथला न उडणारा डोडो पक्षी नामशेष झाला. 1710 मध्ये डच निघून गेले, 1715 मध्ये फ्रेंच आले आणि 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. राज्य ब्रिटिशांचे असले तरी भाषा आणि रीतभात बरीचशी फ्रेंचच राहिली. आजही गावांची नावे फ्रेंच, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंच, संसदेत इंग्रजी आणि घरोघरी क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली स्थानिक बोली) अशी स्थिती आहे.

फ्रेंच आणि ब्रिटिश काळात आफ्रिका आणि मादागास्करहून माणसे गुलाम म्हणून आणली गेली. नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न हा 556 मीटरचा सरळसोट कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथल्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. अशी आख्यायिका आहे की, गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. 2008 पासून ल मोर्न जागतिक वारसा यादीत आहे. हेलिकॉप्टरमधून दिसणाऱ्या ‘समुद्राखालच्या धबधब्या’साठी (तो म्हणजे वाहत्या वाळूचा दृष्टिभ्रम) पर्यटक इथे गर्दी करतात. आपण कड्याच्या पायथ्याच्या स्मारकापाशीही थोडा वेळ थांबावे.

गुलामगिरी 1835 मध्ये बंद झाली. मळ्यांना माणसे तर हवीच होती. म्हणून बंदी येण्याच्या थोडे आधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून भारतातले करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या काही दशकांत जवळपास साडेचार लाख लोक याच मार्गाने आले. ते ज्या धक्क्यावर उतरत तो आज आप्रवासी घाट म्हणून जपला आहे आणि 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे जहाजातून उतरलेल्यांना ठेवण्याच्या खोल्यांचे अवशेष आहेत, दवाखान्याचा भाग आहे आणि ज्या पायऱ्यांवर त्यांचे पहिले पाऊल पडले त्या पायऱ्याही आहेत. शेजारच्या दालनात कागदपत्रे आणि छायाचित्रे आहेत. या ठिकाणी किमान एक तास द्या. पोर्ट लुईच्या बाजारातली खरेदी थोडी कमी झाली तरी चालेल.

बहुसंख्य मजूर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले होते. काही तमिळ, काही तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेले मराठीही होते. त्यांतले बरेच कोकणातले. पश्चिमेला काज्काव्हेल आणि पठारावर वाकुआच्या परिसरात मराठी वस्ती जुनी आहे. तिथली आजची पिढी घरात क्रिओल बोलते, पण शाळेत मराठी हा विषय घेता येतो, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण मिळते, आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ अजून रंगते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मूर्ती वाजतगाजत नदीवर किंवा समुद्रावर नेतात. या कुटुंबांना भेटलात तर ‘तुम्हाला मराठी कसे येत नाही?’ असे कृपया विचारू नका. दीडशेहून अधिक वर्षे, मळ्यावरच्या कष्टांत, त्यांनी जेवढे टिकवले ते फार मोठे आहे. आपण सावकाश, साधी मराठी बोलावी, हिंदीही चालते. समोरचा माणूस आपल्या आजोबांचे गाव विचारू लागला की गप्पा आपोआप रंगतात.

गंगा तलाव

दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात ज्वालामुखीच्या मुखात साचलेले ग्रां बासां हे सरोवर आहे. 1898 पासून तिथे यात्रा भरते. 1972 मध्ये गंगेचे पाणी आणून त्यात मिसळले गेले, तेव्हापासून तो गंगा तलाव. काठावर 33 मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती आहे. महाशिवरात्रीला लाखो लोक खांद्यावर कावड घेऊन दूरदूरच्या गावांतून चालत येतात, आणि वाटेत सर्व धर्मांचे लोक त्यांना पाणी आणि खाणे देतात. त्या आठवड्यात रस्ते तासन्‌तास अडतात. दर्शनासाठीच जायचे असेल तर हाच काळ निवडा, नाहीतर तारखा बदला. इथे उंची आणि ढग दोन्ही असल्याने बीचवर कडक ऊन असतानाही पाऊस लागू शकतो. पातळ स्वेटर आणि छत्री जवळ ठेवा. देवळात पादत्राणे बाहेर काढावीत आणि खांदे-गुडघे झाकलेले असावेत.

खाणे आणि गाणे

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. रस्त्यावरच्या गाडीवर मिळणारी ढोल पुरी नक्की खा. चण्याच्या डाळीचे पुरण (गोड नव्हे) भरलेल्या मऊ पोळ्या, त्यांवर वालाची किंवा पावट्यासारख्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची चटणी आणि तिखट मिरची. जोडी गुंडाळून हातात देतात. डाळीची तिखट भजी, म्हणजे ‘गातो पिमां’, पावात घालून सकाळी खातात. दूध, सब्जा आणि चायना ग्रासची ‘आलुदा’ पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात प्या. लग्नाच्या पंगतीतल्या, केळीच्या पानावर वाढलेल्या सात भाज्यांचे जेवण ठरवून मिळू शकते. आधी सांगितले तर आम्ही विचारून ठेवतो. ‘रुगाय’ या टोमॅटोच्या रश्श्यात काही वेळा खारवलेली मासळी असते, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे. जैन भोजन हवे असेल तर नोंदणीच्या वेळीच कळवा.

हॉटेलात संध्याकाळी ‘सेगा’ नाच दाखवतात, रंगीत घागरे फिरतात, टाळ्या पडतात. मुळात हे गुलामांचे गाणे आहे. बकरीच्या कातड्याचे ‘रावान’ हे वाद्य वाजवण्यापूर्वी शेकोटीवर तापवतात, म्हणजे कातडे ताणले जाते. किनाऱ्यावर स्थानिक कुटुंबे शनिवार-रविवारी जेवण आणि वाद्ये घेऊन येतात, तिथे ऐकायला मिळाले तर तो प्रसंग सोडू नका. मात्र परवानगीशिवाय कोणाचे चित्रण करू नये.

समुद्राबद्दल

बेटाभोवती प्रवाळाचे जवळजवळ अखंड कडे आहे, म्हणून आतले पाणी शांत असते. दक्षिणेला ग्री ग्री इथे ते कडे तुटते आणि लाटा थेट कातळावर आदळतात. तिथे पाण्यात उतरू नका. पाण्यात जाताना रबरी बूट घाला, समुद्री साळिंदराचे काटे पायात रुततात. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका, शंख-शिंपले किंवा प्रवाळ घरी आणू नका. 2020 च्या जुलैत ‘वाकाशिओ’ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. तेव्हा लोकांनी उसाची पाचट जाळ्यांत भरून तेल अडवायला तरंगते बांध बनवले. आपल्या समुद्राला इतके जपणाऱ्या माणसांकडे आपण पाहुणे म्हणून जात आहोत.

निघताना

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचे तिकीट आणि राहण्याचा पुरावा हाताशी हवा. घड्याळ दीड तास मागे करा. ऋतू आपल्या उलट: मे ते ऑक्टोबर थंड आणि कोरडे, नोव्हेंबर ते एप्रिल उष्ण, आणि जानेवारी ते मार्च वादळांचा धोका जास्त. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषधे नेऊ नका, अमली पदार्थांबाबतचे कायदे फार कडक आहेत. ई-सिगारेट, बिया, रोपे आणि ताजी फळे नेऊ नका. तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडाप्टर घ्या. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाच्या जवळपास दुप्पट भावाचा आहे, निघण्याच्या आठवड्यात दर पाहून घ्या. पोर्ट लुईची बरीच दुकाने संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी दुपारनंतर फारसे काही उघडे नसते, म्हणून खरेदी शनिवारी सकाळी उरकावी.